गिरणीवाल्याने वसवलेले गाव

पोटासाठी गाव सोडून शहरात गेलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत. कुणाचा भाऊ मुंबईला, कुणाचा मुलगा इचलकरंजीला, तर कुणाचा पुतण्या भिवंडीला. असा मुलगा सुट्टीला घरी आला की आई आधी विचारते, "काम बरं आहे ना?" आणि लगेच दुसरे विचारते, "राहतोस कुठं? पाणी कसं आहे तिथलं?"

आई नेमके विचारते. मजुरी हातात पडते, पण माणूस धड राहतो की आजारी पडतो, हे राहत्या जागेवर आणि पाण्यावर ठरते.

ही अडचण आजची नाही आणि फक्त आपल्या देशाचीही नाही. कारखाने जगात सर्वांच्या आधी इंग्लंडात निघाले. तेव्हा मजुरांचे हाल पहिल्याने तिथेच झाले. त्या देशात ब्रॅडफर्ड नावाचे एक मोठे गिरणगाव आहे. त्याच्या कडेला, कोसा-दीड कोसावर, एका गिरणी-मालकाने मजुरांसाठी नवे गाव वसवले. त्याचे नाव सॉल्टेअर. आज या गावाची माहिती वाचू.

आधी शहर पाहू

ब्रॅडफर्ड हे लोकरीचे शहर. आपल्याकडे धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात, पिंजतात, सूत काढतात आणि घोंगडी विणतात. ब्रॅडफर्डच्या बाजूलाही पूर्वी घरोघरी असेच काम चाले. पुढे वाफेचे यंत्र आले. चरखा गेला, हातमाग गेला, गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यांतली माणसे कामासाठी शहरात लोटली. आयर्लंडात दुष्काळ पडला, तिकडूनही माणसे आली.

१८०१ साली ब्रॅडफर्डची वस्ती सुमारे १३ हजार होती. १८५१ साली ती एक लाखाच्या वर गेली. पन्नास वर्षांत एका माणसाच्या जागी सात-आठ माणसे! पण घरे त्या मानाने वाढली का? नाही. नळ आले का? गटारे झाली का? तीही नाहीत.

घरे बांधणारे लोक पाठीला पाठ लावून घरे बांधत. म्हणजे काय, तर पुढच्या घराची मागची भिंत तीच मागच्या घराचीही भिंत. मागे दार नाही, खिडकी नाही, वारा आरपार जायचा नाही. पुष्कळ माणसे तळघरांत राहत. दहा-वीस घरांमिळून एक संडास. मैलापाणी उघड्या ओढ्यात जाई. गिरण्यांचे रंगाचे आणि तेलकट पाणीही त्याच ओढ्यात. तो ओढा कालव्याला मिळे. त्या कालव्याला इतकी घाण सुटे, की उन्हाळ्यात पाण्यावरच्या वायूला पोरे काडी लावून जाळ करीत, असे सांगतात.

काही मजुरांचे काम तर घरातच चाले. लोकर विंचरायची फणी लोखंडी दात्यांची असे. ती कोळशाच्या शेगडीवर तापवावी लागे. राहायची खोली तीच, कामाची तीच, शेगडी रात्रंदिवस पेटलेली आणि दारे-खिडक्या बंद. त्या धुरात बायको, पोरे, तान्ही बाळे झोपत.

अशा शहरात माणूस किती जगणार? त्या वेळी ब्रॅडफर्डच्या माणसाचे सरासरी आयुष्य विशीच्याही आत होते, असा हिशेब केलेला आहे.

सरासरी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. तिथे म्हातारे नव्हतेच असा याचा अर्थ नाही. पाटीवर पाच आकडे लिहा. एका घरातली पाच माणसे किती वर्षांची होऊन वारली ते हे आकडे सांगतात असे समजा : १, १, ३, ४० आणि ४५. बेरीज करा. ९० आली. पाचांनी भागा. उत्तर आले १८. म्हणजे घरातला बाप ४५ वर्षे जगला, तरी सरासरी १८ च निघाली. का? तर तीन मुले लहानपणीच गेली. आयुष्याची सरासरी इतकी खाली असते, तिथे मुले मरत असतात, हे ओळखावे.

१८४९ साली ब्रॅडफर्डमध्ये पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. त्यात चारशेच्या वर माणसे मेली. पटकी घाण पाण्यातून पसरते हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते पटत नव्हते. घाणेरड्या हवेने रोग होतो, असे सगळे म्हणत. लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने १८५४ साली एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि साथ त्या पंपाच्या पाण्यातून पसरते असे सांगितले. तरीही लोकांना पटायला आणखी कित्येक वर्षे गेली.

टायटस सॉल्ट

ही साथ आली तेव्हा ब्रॅडफर्डचा नगराध्यक्ष टायटस सॉल्ट नावाचा गिरणी-मालक होता. त्याचा जन्म १८०३ चा. बाप लोकरीचा व्यापारी, मुलगाही त्याच धंद्यात पडला. माणूस बोलायला अगदी कमी. पुढे तो पार्लमेंटात निवडून गेला, पण तिथे त्याने जवळजवळ तोंडच उघडले नाही, आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन घरी आला. मात्र धंद्यात त्याची नजर फार तीक्ष्ण होती.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरांत अल्पाका नावाचे जनावर असते. उंटाच्या जातीचे, पण लहान आणि बिनमदारीचे. त्याची लोकर लांब आणि रेशमासारखी चमकदार. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूल बंदरात या लोकरीची पोती पडून होती. कुणी घेईना, कारण ही लोकर यंत्रावर नीट कातली जात नव्हती. सॉल्टने ती विकत घेतली आणि खटपट करून कातायची रीत बसवली. ताणा सुताचा आणि बाणा अल्पाकाचा, असे कापड त्याने काढले. ते हलके होते, त्याला चकाकी होती, आणि मोठ्या घरच्या बायकांना ते फार आवडले. खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या जनावरांची लोकर त्याच्याकडे विणायला पाठवली. सॉल्ट बघता बघता लक्षाधीश झाला. १८५० पर्यंत ब्रॅडफर्डमध्ये त्याच्या पाच गिरण्या चालत होत्या.

शहराच्या धुराचे त्याने काही करून पाहिले. धूर कमी करणारे एक साधन निघाले होते, ते त्याने आपल्या गिरण्यांच्या धुराड्यांना बसवले. बाकीच्या मालकांनी मात्र फारसे मनावर घेतले नाही. खर्च कोण करणार? धूर तर सगळ्यांचाच आहे!

शेवटी सॉल्टने ठरवले, की शहरात आणखी गिरणी बांधायची नाही. पाचही गिरण्यांचे काम एका ठिकाणी आणायचे, आणि तेही शहराबाहेर.

गावाबाहेरची जागा

त्याने जागा निवडली ती एअर नदीच्या काठी, ब्रॅडफर्डपासून तीन-साडेतीन मैलांवर. सॉल्ट आणि एअर मिळून सॉल्टेअर. आपल्याकडे वालचंदनगर, किर्लोस्करवाडी ही नावे पडली, तसेच हे.

जागा निवडताना त्याने काय पाहिले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. नदी होती, म्हणून पाणी होते. शेजारून कालवा जात होता. त्यातून होड्यांनी कोळसा आणि लोकर येणार. आगगाडीचा रस्ता नुकताच झाला होता. तयार कापड गाडीने जाणार. आणि शहराबाहेर जमीन स्वस्त, हेही आहेच. नुसत्या दयेपोटी कुणी एवढी मोठी गिरणी हलवत नाही. सॉल्टला मजुरांची कळकळ होती आणि धंदाही कळत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

२० सप्टेंबर १८५३ या दिवशी गिरणी सुरू झाली. त्या दिवशी सॉल्टला पन्नास वर्षे पुरी झाली. लोकर विंचरायच्या मोठ्या छपराखाली साडेतीन हजार माणसांची पंगत बसली. त्यांत सुमारे अडीच हजार त्याचेच मजूर होते.

गिरणी सहा मजली, दगडी. लांबी साडेपाचशे फुटांच्या आसपास. धुराडे अडीचशे फूट उंच. आत बाराशे माग. दिवसाला तीस हजार वार कापड निघेल अशी सोय. एक मैल म्हणजे १७६० वार. तेव्हा हे कापड अंथरले तर किती मैल जाईल, ते पाटीवर काढून पाहा. सतरा मैलांच्या वर जाते.

यंत्रे फिरवणारे मोठे दांडे सॉल्टने जमिनीखालून नेले. दुसऱ्या गिरण्यांत ते डोक्यावर फिरत. त्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज होई, आणि पट्ट्यात हात किंवा पदर सापडून माणसे जायबंदी होत. इथे तो धोका कमी झाला.

घरे कशी होती

सुरुवातीला मजूर रोज ब्रॅडफर्डहून गाडीने येत. मग १८५४ पासून घरे उठू लागली. काम चौदा-पंधरा वर्षे चालले. एकूण आठशेच्या वर घरे झाली. १८७१ मध्ये तिथे चार हजार तीनशेहून जास्त माणसे राहत होती.

घरे सगळी दगडाची, ओळीत, एकाला एक लागून. पण पाठीला पाठ नाही. प्रत्येक घराला पुढे दार आणि मागे दार. मागे लहानसे अंगण. अंगणात कोळशाची जागा आणि त्या घराचा स्वतःचा संडास. आत एक बसाउठायची खोली, एक स्वयंपाकाची, खाली सामानाची आणि वर झोपायच्या दोन-तीन खोल्या. पाण्याचा नळ घरात. दिव्याला गॅसची नळी घरात.

आज हे वाचून कुणी म्हणेल, "यात काय मोठंसं?" पण १८५० च्या सुमाराचे ब्रॅडफर्डचे तळघर डोळ्यांपुढे आणा, मग कळेल. आईबापांना एक खोली, मुलांना एक, मुलींना एक. घराचा संडास घराचाच, त्याला कुलूप लावता येते. बाईमाणसाला रात्री ओढ्याकाठी जावे लागत नाही. शेजारच्या दहा घरांची घाण आपल्या दाराशी साचत नाही. लहान मुले जगतात की मरतात, हे पुष्कळसे याच गोष्टींवर ठरते.

घरे सगळी सारखी मात्र नव्हती. साध्या मजुराचे लहान, मुकादमाचे मोठे आणि पुढे थोडी बाग असलेले, वरच्या कारकून-अधिकाऱ्यांचे त्याहून मोठे. रस्त्यावरून चालत गेले तरी कुणाची गिरणीत काय जागा आहे ते घरावरून कळे. घराचे भाडे आठवड्याला दोन शिलिंग चार पेन्सांपासून साडेसात शिलिंगांपर्यंत असे. घर कुणाला फुकट नव्हते.

रस्त्यांना नावे दिली ती सॉल्टच्या घरातली. एक रस्ता टायटसचा, एक त्याची बायको कॅरोलाइन हिचा. अकरा मुले होती, त्यांचीही नावे लागली. घरे आखणाऱ्या दोघा शिल्पज्ञांची, लॉकवुड आणि मॉसन यांची, नावेही रस्त्यांना आहेत. विटा-दगड रचणाऱ्या गवंड्यांच्या नावाचा रस्ता मात्र नाही. तो कुठेच नसतो म्हणा!

घरांबरोबर आणखी काय

घरे बांधून सॉल्ट थांबला नाही. देऊळ बांधले, म्हणजे त्यांचे चर्च. १८६३ च्या सुमारास न्हाणीघरे आणि कपडे धुण्याचे मोठे घर झाले. तिथे वाफेवर चालणारी धुण्याची यंत्रे होती. धुणे, पिळणे, वाळवणे, सगळे एका तासात. रस्त्यावर दोरी बांधून धुणी वाळत घातलेली मालकाला आवडत नसत.

आता एक गंमत पाहा. एवढी चांगली सोय, पण बायका तिकडे फारशा वळल्या नाहीत. आपले मळके कपडे चारचौघींच्या देखत गाठोडे बांधून रस्त्याने न्यायचे, हे त्यांना नको वाटे. त्या घरीच धूत. पुढे ते धुण्याचे घर बंद पडले आणि १८९४ साली तिथे राहायच्या खोल्या केल्या. ज्याच्यासाठी सोय करायची त्याला आधी विचारले, तर असा खर्च वाचतो. आपल्याकडेही गावाबाहेर बांधलेली आणि कुणी न वापरलेली शौचालये पाहिली असतील.

१८६८ मध्ये शाळेची इमारत झाली. तेव्हा कायदाच असा होता, की आठ ते तेरा वर्षांच्या मुलाने अर्धा दिवस गिरणीत काम करायचे आणि उरलेल्या वेळात शाळेत जायचे. म्हणजे सॉल्टेअरमध्येसुद्धा लहान मुले गिरणीत जात. हे विसरू नये. सकाळी यंत्रापाशी उभे राहून आलेले नऊ वर्षांचे पोर दुपारी पाटीवर काय लिहीत असेल? शेतातून थकून येऊन रात्री कंदिलाशी बसून जो अक्षरे शिकला आहे, त्याला ते निराळे सांगायला नको.

त्याच वर्षी म्हाताऱ्यांसाठी ४५ लहान घरे बांधून झाली. ज्यांच्याने काम होत नाही आणि ज्यांची चालचलणूक चांगली आहे, अशांना तिथे बिनभाड्याने जागा मिळे. शिवाय आठवड्याला पैसे मिळत : एकट्याला साडेसात शिलिंग, नवरा-बायकोला दहा. सरकारी म्हातारपणाची पेन्शन इंग्लंडात १९०९ साली मिळू लागली. त्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. जखमी मजुरांसाठी दवाखानाही झाला.

१८७१ मध्ये सॉल्टने मोठी सार्वजनिक इमारत उघडली. तिच्यात वाचनालय, वर्तमानपत्रे वाचायची खोली, व्याख्यानांचे दालन, व्यायामशाळा, खेळांच्या खोल्या आणि रात्रीचे वर्ग होते. दिवसभर गिरणीत राबलेली माणसे संध्याकाळी तिथे येऊन वर्तमानपत्र वाचत. शाळा आणि ही इमारत समोरासमोर आहेत. त्यांच्यापुढे दगडाचे चार सिंह बसवले आहेत. त्यांची नावे युद्ध, शांती, सावधपणा आणि निश्चय. त्याच वर्षी नदीपलीकडे चौदा एकरांची बागही लोकांना खुली झाली.

गावात काय नव्हते

एक गोष्ट गावात नव्हती. ती म्हणजे दारूचा गुत्ता. सॉल्टने गावात गुत्ता उघडू दिला नाही. ब्रॅडफर्डमध्ये त्याने पाहिले होते, की शनिवारी मजुरी हाती पडते आणि रात्रीत ती गुत्त्यात जाते. हे दृश्य कुणाला नवे नाही.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. दारू वाईट हे खरे. पण गावात काय असावे, काय नसावे, हे ठरवले कुणी? मालकाने. धुणी कुठे वाळत घालावी? मालकाला आवडेल तिथे. बागेत कसे वागावे याचे नियमही वरूनच आले. गावची पंचायत नव्हती, गावकीची सभा नव्हती. शाळा, दवाखाना, चर्च, बाग, घर, नळ, सगळे एकाच्या हातचे.

आणि घर? घर गिरणीचे, काम गिरणीचे. मुकादमाशी दोन शब्द वर-खाली झाले, तर माणूस आधी काय विचार करील? "कामाचं काय होईल?" आणि लगेच, "घराचं काय होईल?" शहरातल्या तळघरातला मजूर घाणीत राहत होता, पण त्याचा घरमालक एक आणि गिरणी-मालक दुसरा होता. एका गिरणीचे काम गेले तर दुसऱ्या गिरणीच्या फाटकावर जाता येई, खोली तीच राही. सॉल्टेअरच्या मजुराला नळाचे पाणी मिळाले, पण घर आणि पोट एकाच खुंटीला बांधले गेले.

मग सॉल्टेअरला जावे की ब्रॅडफर्डमध्येच राहावे? त्या काळी ज्याच्या घरात तान्हे मूल होते, त्याने सॉल्टेअरलाच जावे, असे मी म्हणेन. तळघरात राहून स्वाभिमान सांभाळायचा आणि मूल गमवायचे, हा सौदा कोणत्या आईला पटेल? पण तिथे गेलेल्या मजुराच्या मनात एक टोचणी राहत असेल, हेही मी नाकारणार नाही.

स्वतः सॉल्ट सॉल्टेअरमध्ये राहत नव्हता. त्याचा वाडा काही मैलांवर होता. हे सगळे का केले, याचा खुलासा त्याने कुठे लिहून ठेवला नाही. २९ डिसेंबर १८७६ रोजी तो वारला. त्याच्या अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा लाखाच्या वर माणसे उभी होती. त्याला सॉल्टेअरच्या चर्चमध्येच पुरले.

पुढे काय झाले

मालक गेला. मुलगा धाकटा टायटस कारभार पाहू लागला, पण तोही १८८७ मध्ये वारला. परदेशांत कापडावर जकाती बसल्या, कापडाची तऱ्हा बदलली, धंदा बसला. १८९२ मध्ये कंपनी बुडीत निघाली. दुसऱ्या व्यापाऱ्यांनी गिरणी घेतली आणि गावही घेतले. पाहा, गिरणीबरोबर गावही विकले गेले! चार हजार माणसे ज्यात राहतात ते गाव, माग आणि बॉयलर यांच्याच यादीत.

१९३३ मध्ये गिरणीच्या मालकांनी घरे एका घरे विकत घेणाऱ्या कंपनीला विकली. तिथून घर आणि गिरणी यांची फारकत झाली. पुढे एकेक घर राहणाऱ्यांनी आणि बाहेरच्यांनी विकत घेतले. घरे बांधायला सुरुवात होऊन ऐंशी वर्षे झाल्यावर तिथला माणूस आपल्या घराचा धनी होऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॅडफर्डच्या गिरण्यांना मजूर मिळेनात. रात्रपाळीला तर कुणीच येईना. तेव्हा आपल्या बाजूची माणसे तिकडे गेली. पंजाबातून गेली, गुजरातेतून गेली, आणि सर्वांत जास्त गेली ती पाकिस्तानच्या ताब्यातल्या मीरपूर भागातून. तिथे १९६० नंतरच्या वर्षांत मंगला नावाचे मोठे धरण झाले, आणि सुमारे एक लाख माणसांची घरे-जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या कित्येकांनी ब्रॅडफर्डची वाट धरली. कोयनेच्या धरणाने उठलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजेल. शेतातला माणूस एकदम परक्या देशात, थंडीत, रात्रपाळीच्या लोकरीच्या यंत्रापाशी उभा राहिला. राहायला एकेका घरात दाटीने माणसे. पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदले. मुंबईच्या गिरणगावातल्या गाळ्यांत आपली कोकणची आणि घाटावरची माणसे अशीच राहिली.

सॉल्टेअरची गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. १३३ वर्षे चाललेली यंत्रे थांबली. आता एवढ्या मोठ्या दगडी इमारतीचे करायचे काय? पाडायची?

मुंबईची पहिली सूतगिरणी काढायला कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी उभारली, म्हणजे सॉल्टेअरची गिरणी सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी. तिकडची गिरणी बंद पडायच्या चार वर्षे आधी, १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी-कामगारांचा मोठा संप झाला, आणि त्यानंतर इथल्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. इथल्या कितीतरी गिरण्या पाडल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आणि मोठी दुकाने झाली. कामगार घरासाठी अर्ज करीत आणि मोर्चे काढीत राहिले.

सॉल्टेअरमध्ये तसे झाले नाही. जोनाथन सिल्व्हर नावाच्या ब्रॅडफर्डच्याच एका व्यापाऱ्याने १९८७ मध्ये गिरणी विकत घेतली. इमारत तशीच ठेवली. आत चित्रांचे दालन उघडले आणि डेव्हिड हॉकनी या प्रसिद्ध चित्रकाराची चित्रे लावली. हॉकनी हाही ब्रॅडफर्डचाच, १९३७ चा जन्म. पुस्तकांचे दुकान, खाणावळ आणि इतर कामांच्या जागा झाल्या. १९६५ मध्ये बंद झालेले गावचे आगगाडीचे स्टेशन १९८४ मध्ये पुन्हा उघडलेच होते. पाहायला दुरून माणसे येऊ लागली. डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोने सॉल्टेअर हे साऱ्या जगाचा ठेवा म्हणून जाहीर केले. आपल्या अजिंठा-वेरूळची नावे ज्या यादीत आहेत, तीच ही यादी. तिथे लेणी आणि राजवाडे आहेत, आणि मजुरांची चाळवजा घरेही आहेत.

गुत्ता नसलेल्या या गावात पुढे दारूचे एक दुकान निघाले. मालकाने त्याचे नाव ठेवले, 'टायटसला सांगू नका'.

घरांत आजही माणसे राहतात. घरांत वीज आली, संडास आत आले, अंगणातल्या जुन्या संडासांत लोक सायकली आणि बागेची अवजारे ठेवतात. घर आता ज्याचे त्याचे आहे. तरी जुन्या वस्तूंच्या रक्षणाचा कायदा तिथे लागू आहे, म्हणून खिडकी बदलायची झाली किंवा दार नवे बसवायचे झाले, तर घरधन्याला आधी अर्ज लिहून परवानगी काढावी लागते. तो अर्ज आता गिरणीच्या कचेरीत जात नाही. ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेत जातो, आणि तिथले सभासद हे घरधनी मत देऊन निवडतात.